मुद्देमालातली आकडी

मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता वासूने माझ्या भावाला कोयता मारला. नऊ वाजून दहा मिनिटांनी कट्टा गावच्या एस.टी. थांब्यापाशी, रिक्षात, भाई गेला. मी तेव्हा ओरोसला कोर्टाच्या आवारात होतो.

फोन रिक्षावाल्याने केला. "वकिलांनू, कट्ट्यार येवा," तो म्हणाला.

"काय झालां?"

"तुमी येवा."

मी त्या दिवशीच्या प्रकरणात तारीख मागायचं एका सहकाऱ्यावर सोपवलं, कोट काढून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि निघालो. कोटाची घडी नीट घातली होती, एवढं आठवतं. रस्ता कसा गेला ते आठवत नाही.

भाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. त्याने शेती आणि बाग सांभाळली म्हणून मी कॉलेजला गेलो, वकील झालो. गेली सव्वीस वर्षं मी फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. वासू आमचा शेजारी. भाईच्याच वर्गातला. दर वर्षी पाऊस सरला की गावातले लोक व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दगडमातीचा कच्चा बंधारा घालतात. त्यात आमच्या वाडीतून सगळ्यांत आधी पाण्यात उतरायचे ते हे दोघं.

हॉस्पिटलात मला आत नेलं. भाईच्या अंगावरची चादर बाजूला केली. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते सांगायला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. मी मोजलं. जखम एक. जागा मान आणि खांद्याच्या मध्ये, डावीकडे. हत्यार जड, धारदार. हातांवर बचावाच्या खुणा नाहीत. सव्वीस वर्षं शवविच्छेदनाचे अहवाल वाचून डोक्याला लागलेली सवय. समोर भाई होता आणि मी अहवाल वाचत होतो. रडू तीन दिवसांनी आलं.

वाचकांसाठी कायदा इथेच थोडक्यात सांगतो.

भाईची मुलगी रेवती पुण्याला नोकरी करते. ती संध्याकाळी पोहोचली आणि तिचा पहिला प्रश्न होता, "काका, हे फर्स्ट डिग्री मर्डर आहे ना?" ती इंग्रजी मालिका बघते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा आपला कायदा असतो, आणि पुष्कळ राज्यांत खुनाला पहिली, दुसरी अशा पायऱ्या असतात. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे एक मोठा गोल आहे, त्याचं नाव सदोष मनुष्यवध. माणूस मरेल अशा हेतूने किंवा मरू शकेल हे कळत असताना केलेलं कृत्य त्यात येतं. त्या गोलाच्या आत एक लहान गोल आहे, तो खून. खुनाला जन्मठेप किंवा फाशी. त्याखाली न्यायाधीशांना जाता येत नाही. खून नसलेल्या सदोष मनुष्यवधाला जन्मठेपही होऊ शकते, पण पाच ते दहा वर्षांतही भागू शकतं. नवा कायदा आला तेव्हा तीनशे दोनचं एकशे तीन झालं आणि तीनशे चारचं एकशे पाच. मधली भिंत होती तिथेच राहिली.

त्या भिंतीला काही दारं आहेत. कायद्यात त्यांना अपवाद म्हणतात. त्यातलं एक असं: भांडण अचानक झालं, आधी ठरवलेलं नव्हतं, रागाच्या भरात घाव बसला, मारणाऱ्याने समोरच्याचा गैरफायदा घेतला नाही आणि क्रूरपणा केला नाही, तर जखम कितीही भयंकर असली तरी तो खून धरत नाहीत. या दारातून मी माझे कितीतरी अशील बाहेर काढले आहेत. भांडणानंतर आरोपी हत्यार आणायला घरी गेला होता का, हा तिथला पहिला प्रश्न असतो. गेला असेल तर संपलं. घरी जाऊन परत येईपर्यंत माणसाला थांबायची संधी मिळते. ती मिळूनही तो आला, तर ते ठरवून मारणं.

एवढं कळलं तर पुढचं कळेल.

वहिनी एकटीच साक्षीदार होती. बंधाऱ्यातून निघणाऱ्या पाटाच्या तोंडाशी ती, भाई आणि वासू. चौथं कुणी नाही. फिर्याद तिनेच द्यायची होती. दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही पोलीस ठाण्यात बसलो. फौजदार घाटावरचे, बदलून येऊन महिना झालेला. माणूस सभ्य होता. वहिनीला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला.

"ताई, कोयता त्याने कुठून आणला?"

"आणतलो खंयसून? होतोच," वहिनी म्हणाली.

"होता म्हणजे? घरी होता?"

वहिनी पदराने तोंड पुसत होती.

"तो घरी गेला होता का?"

"गेल्लो. पेजेक गेल्लो."

"आणि परत आला, तेव्हा हातात कोयता होता."

तिने होकारार्थी मान हलवली. त्यांनी कॉम्प्युटरवर लिहून घेतलं. छापलेला कागद माझ्याकडे दिला. "सर, तुम्ही एकदा बघून घ्या."

मी वाचलं. "पाण्याच्या पाळीवरून वाद झाल्याने सदर इसमाने घरी जाऊन कोयता आणला व माझे पतीवर वार केला."

आमच्या भागात बागायत असणारा पुरुष सकाळी घरातून निघतो तेव्हा कमरेला आकडी बांधतो. सुतळीला किंवा पट्ट्याला लावलेला लोखंडी आकडा, पाठीमागे. त्यात कोयता अडकवायचा. दिवसभर तो तिथेच असतो. माणूस दुकानात जातो, ग्रामपंचायतीत जातो, लग्नाची बोलणी करायला जातानाही ती कमरेला असते; तिथे मागल्या दारी सोडून मगच तो ओटीवर येतो. कोयता कमरेला आहे म्हणून कुणी कुणाला घाबरत नाही, जसं खिशात पेन आहे म्हणून कुणी मास्तरांना घाबरत नाही. फौजदारांच्या गावी ही पद्धत नसावी. तिकडे माणसाच्या हातात कोयता दिसला तर तो कुठून आणला हा प्रश्न पडतो, आणि घरून, हे उत्तर सरळ वाटतं. त्यांनी काही वाईट केलं नाही. त्यांना समजलं तसा क्रम लावला.

मला मात्र ते वाक्य वाचताक्षणी दिसलं. वाद, मग घर, मग कोयता, मग वार. दार बंद. खून.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "भावोजी, बरोबर आसा?"

मी म्हणालो, "सही कर, वयनी."

तिने सही केली.

तेव्हा मला पूर्ण हकीकत माहीत नव्हती, असं म्हणता येईल. तिसऱ्या दिवशी सकाळी तीही कळली. वहिनी मागच्या पडवीत बसली होती. मी काही न विचारता ती सांगत गेली.

पाटाच्या पाण्याची पाळी असते. सोमवार आमचा, मंगळवार वासूचा, असं वाडीभर फिरत जातं. ज्याची पाळी त्याने सकाळी पाटाच्या तोंडावर हिरवी फांदी रोवायची. दुसऱ्याची फांदी कुणी काढत नाही. तो माणूस स्वतः येऊन काढेपर्यंत पाणी त्याचं. कागद नाही, सही नाही, पण माझ्या आयुष्यात मी ती फांदी कुणी उपटलेली पाहिली नव्हती. त्या सोमवारी बंधारा एका बाजूने फुटला आणि आमची पाळी कोरडी गेली. दिवसभर भाई आणि वासू मिळून तो बांधत होते. भाईचं म्हणणं पडलं की मंगळवार आपल्याला मिळायला हवा. वासूने सकाळी सातला येऊन आपली फांदी रोवली आणि तो पेज जेवायला घरी गेला. भाईने ती उपटली, पाण्यात टाकली आणि आपली रोवली.

वासू परत आला. बघितलं. म्हणाला, "माझी फांदी काढलंस? तू?"

भाई म्हणाला, "काढलंय. काय करतलंस?"

"बंधारो कोणी बांधलो काल? तुझ्या बापाशीन?"

बाप काढल्यावर भाईने त्याला ढकललं. वासू पाटात पडला. उठला तो कोयता काढूनच उठला. एक घाव. मग कोयता टाकून तो भाईला मिठी मारून बसला आणि ओरडायला लागला. त्यानेच भाईला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. रिक्षा त्यानेच थांबवली. पोलिसांना तो तिथेच, रस्त्याच्या कडेला बसलेला मिळाला.

म्हणजे घर आधी, वाद नंतर. वाद आणि वार यांच्या मध्ये ढकलण्याशिवाय काही नाही.

"नि भाईचो कोयतो?" मी विचारलं.

वहिनीने खुंटीकडे बोट केलं. रिक्षात आडवं करताना पाठीला टोचेल म्हणून तिने भाईची आकडी सोडली होती आणि शेजारणीच्या हातात दिली होती. शेजारणीने ती आणून नेहमीच्या खुंटीला अडकवली. कोयता तिच्यातच होता. भाईच्याही कमरेला कोयता होता, आणि त्याने तो काढला नव्हता. पोलिसांच्या कुठल्याच कागदात ही आकडी नव्हती. समोरचा निःशस्त्र होता की त्याच्याकडेही हत्यार होतं, यावर गैरफायद्याची अट फिरते. मी ती खुंटी बघितली आणि चहा प्यायला आत गेलो.

मी काही लपवलं नाही. मला कुणी विचारलं नाही, एवढंच. असं मी अकरा महिने स्वतःला सांगत होतो.

मला वासूला जन्मठेप व्हायला हवी होती. कारण शोधायला गेलो तर एकच सापडतं. भाई मेला होता आणि वासू जिवंत होता. कायद्याच्या पुस्तकात याला कलम नाही.

आरोपीला वकील परवडत नसेल तर विधी सेवा समिती देते. वासूला मिळाला इम्तियाज. हा माझ्याकडे सहा वर्षं ज्युनिअर होता. मालवण बंदरावरच्या घरातला पोरगा, वडील मासळीच्या व्यापारात. हुशार, आणि तोंड बंद न राहणारा. तो माझ्या ऑफिसात येऊन उभाच राहिला. बसला नाही.

"सर, माका ती केस इली हा. तुमी नको म्हटलास तर नाव काढूक सांगतंय."

"घे. कोणी तरी घेवकच होयी."

"सर, राग येतलो तुमका."

"तू काय केलंस की राग येतलो? बस."

बसला. "तो काय्येक सांगना नाय, सर. तीनदा गेलंय तुरुंगात. म्हणता, मिया मारलंय, माका काय इचारू नको. पेढे घेवन गेलंय तरी बोलाक तयार नाय."

"तुरुंगात पेढे नेलंस?"

"ईद होती, सर."

किती दिवसांनी मी हसलो. मग त्याला म्हणालो की यापुढे या केसबद्दल माझ्याशी बोलायचं नाही. तो हो म्हणाला आणि शेवटपर्यंत बोलला नाही.

आरोप ठेवताना न्यायाधीशांनी वासूला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. वासू उभा राहिला. काही महिन्यांत तो निम्मा झाला होता. म्हणाला, "मारलंय मिया." इतक्या गंभीर आरोपात कोर्ट केवळ अशा कबुलीवर थांबत नाही. मारलंय म्हणजे खून केलाय असं होत नाही. पुरावा घ्यावा लागतो. वासूला ते समजलं नाही. तो माझ्याकडे बघत होता, आता आणखी काय राहिलं, असं.

फिर्यादीच्या बाजूने खाजगी वकिलाला सरकारी वकिलांच्या मदतीला बसता येतं. मी स्वतःच बसलो. सरकारी वकील मॅडम लातूरकडच्या. तयारीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी फिर्यादीतल्या त्या वाक्यावर पेन्सिलीने रेघ मारली.

"सर, आपली केस या एका ओळीवर उभी आहे."

"हो."

"ताई कोर्टात टिकतील ना? बोलतील ना असंच?"

"टिकेल."

वहिनीच्या साक्षीच्या आदल्या दिवशी मॅडमनी तिला फिर्याद वाचायला दिली. साक्षीदाराला आठवण यावी म्हणून देतात. गाडीतून घरी जाताना वाटेत कसाल आलं. वहिनी म्हणाली, "भावोजी, ह्यां असां नाय झालां."

मी गिअर बदलला.

"तो पेजेक गेल्लो, ता आधी. झगडां मागसून. ह्यांत उलटां लिवलां हा."

"हूं."

"तुमी वाचलास ना तेवा?"

"वाचलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी रस्त्याकडे. आरोपीच्या नातेवाइकांनी, साक्षीदारांनी हा प्रश्न मला शंभर वेळा विचारला असेल: साहेब, काय सांगू? आणि दर वेळी माझं उत्तर ठरलेलं असायचं: जे पाहिलंत तेच. वहिनीने विचारलं, "उद्या काय सांगू?" आणि मी समोरच्या ट्रकला हॉर्न दिला. घर आलं. ती उतरली. दार लावताना म्हणाली, "रेवतीक वासूची फाशी होयी. तुमका काय होयी ता तरी सांगा."

मी गाडी मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला पुकारलं. शपथ झाली. रेवती मागच्या बाकावर. वासू आरोपीच्या पिंजऱ्यात, भिंतीला टेकून. मॅडमनी नाव, गाव, नातं विचारून घेतलं. मग मुद्देमाल दाखवायचा म्हणून हवालदाराने लाखेचं सील तोडून पाकीट उघडलं. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू. कोयता टेबलावर आला. वहिनीने डोळे मिटले, मग उघडले आणि तो ओळखला.

पाकिटात आणखी काही खडखडलं. हवालदाराने ते उपडं केलं. सुतळीला बांधलेला लोखंडी आकडा टेबलावर पडला.

अटकेच्या वेळी वासूच्या अंगझडतीत तो सापडला होता. यादीत शेवटची ओळ होती: "एक लोखंडी हुक, सुतळीसह." ती ओळ मॅडमनी वाचली होती, इम्तियाजने वाचली होती, न्यायाधीशांनीही वाचली असणार. मीही वाचली होती. त्या सगळ्यांत हुक म्हणजे काय हे फक्त मला माहीत होतं.

"हे काय आहे?" न्यायाधीशांनी विचारलं. तेही बाहेरचेच.

"हुक आहे, साहेब," हवालदार म्हणाला.

"ते दिसतंय. कशाचा?"

हवालदाराने खांदे उडवले. मॅडमनी इम्तियाजकडे पाहिलं, इम्तियाजने यादीकडे. न्यायाधीश चष्म्यावरून माझ्याकडे वळले. "वकीलसाहेब, तुम्ही इथले आहात. काय आहे हे?"

मी उठून उभा राहिलो. कोर्टाने विचारलं की उभं राहायचं, ही सवय. पण उभा राहून मी बोललो नाही. किती वेळ, ते सांगता येत नाही. घड्याळात बहुधा पाच-सहा सेकंद. मागच्या बाकांवर गावची वीसेक माणसं होती आणि त्यातल्या प्रत्येकाला ते काय आहे ठाऊक होतं. त्यांच्यासमोर मी, सव्वीस वर्षं वकिली केलेला माणूस, आकडीकडे बघत उभा होतो आणि ती ओळखत नव्हतो.

"ती आकडी," साक्षीच्या पिंजऱ्यातून वहिनी म्हणाली. "कोयतो अडकवची."

न्यायाधीशांनी तिच्याकडे वळून विचारलं, "म्हणजे कशी? तुमच्या भाषेत सांगा, चालेल."

मग तिने सांगितलं. न थांबता, जवळजवळ एका सुरात.

"सगळ्यांच्या कमरेक आसता, सायबानू. सकाळी बांधूची ती सांजेक सोडूची. वासू सातांक फांदी लावक इलो तेवाय होती. मगे तो पेजेक घराक गेलो. ह्येंनी तेची फांदी काढल्यानी. ती पाळी तेची होती, आमची नाय. तो परत इलो, बोलाचाली झाली, ह्येंनी तेका ढकलल्यानी. तो उठलो नि मारल्यान. घराक गेलो तो आधी. कोयतो आणूक नाय गेलो. ह्येंच्याय कमरेक आकडी होती. कोयत्यासकट. ती माझ्या घरात आसा. खुंटयेक."

टंकलेखक थांबला होता. न्यायाधीशांनी त्याला हळूहळू प्रमाण मराठीत सांगायला सुरुवात केली. मागून रेवतीचा आवाज आला, "आई!" शिपायाने तिला गप्प केलं.

मॅडम माझ्याकडे झुकल्या. "सर, ही फिर्यादीपासून फिरली. फितूर जाहीर करू का?"

आपला साक्षीदार उलटला तर सरकारी वकील कोर्टाची परवानगी घेऊन त्याचीच उलटतपासणी करू शकतात. फिर्याद पुढे ठेवायची. ही सही तुमची ना? मग तेव्हा खोटं बोललात की आज? वहिनीला हे वीस मिनिटं विचारलं असतं तर ती कुठे ना कुठे अडखळली असती. कुणीही अडखळतं. मी हे शेकडो वेळा केलं आहे. मी मान हलवायची होती, एवढंच.

"नको," मी म्हणालो. "ती खरं बोलतेय. ते वाक्य चुकीचं आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिथे होतो. सहीच्या आधी मीच वाचलं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो. वाक्य चुकतंय हे पहिल्या दिवसापासून. बाकी सगळं तिसऱ्या."

"आणि पहिल्याच भेटीत मला म्हणालात, टिकतील."

"टिकली की."

त्यांनी फाईल बंद केली, परत उघडली. मग उभ्या राहून म्हणाल्या, "पुढे प्रश्न नाहीत." त्या बाईंच्या जागी मी असतो तर एवढं केलं असतं का, माहीत नाही. इम्तियाजने उलटतपासणीत दोनच प्रश्न विचारले. वासूने नंतर काय केलं, आणि भाईला रस्त्यावर कुणी आणलं. वहिनीने दोन्ही सांगितलं. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी घरी येऊन भाईच्या आकडीचा फोटो काढून, माप घेऊन, ती पुन्हा वहिनीच्या ताब्यात दिली.

बाहेर व्हरांड्यात इम्तियाज माझ्याजवळ आला.

"सर, माका म्हायतच नाय. आमच्या घरात हुक म्हटल्यार गरी. माका वाटला, हो इसम व्हाळात मासे धरी असतलो."

"वाचलेलंस ना यादीत?"

"वाचलंय. फुडे गेलंय." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "सर, तुमी उभे रवलास तेवा माका वाटला, आता सांगतले."

मला वाईट वाटावं म्हणून तो बोलला नव्हता. म्हणून ते अजून मनातून जात नाही.

डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की ती जखम सामान्यपणे मृत्यू यायला पुरेशी होती. नुसत्या जखमेवर गेलं असतं तर खूनच. पण कोर्टाने क्रम पाहिला. अचानक झालेलं भांडण, एक घाव, दोघांच्याही कमरेला नेहमीचं हत्यार, नंतर मदत. खुनाच्या आरोपातून वासू सुटला. एकशे पाचच्या पहिल्या भागाखाली दोषी ठरला. सात वर्षं आणि दंड. तुरुंगात काढलेला काळ त्यातून वजा. निकाल ऐकून वासूने हात जोडले, पण न्यायाधीशांना नव्हे. वहिनी त्या दिवशी आली नव्हती. त्याने रिकाम्या साक्षीच्या पिंजऱ्याला हात जोडले.

रेवती पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी उभी होती.

"काका, तुम्ही नेमके कुणाचे वकील होतात?"

"तुझ्या बाबांचा."

"मग त्याला सात वर्षं कशी झाली?"

"कारण झालं तसंच होतं."

"तुम्हाला आधी माहीत होतं. मग आधीच सांगायचं होतंत. नाहीतर शेवटपर्यंत गप्प बसायचं होतंत. तुम्ही दोन्ही नाही केलंत."

तिचा बाप बोलायचा तशीच बोलते. कमी गुन्ह्याखाली शिक्षा झाली तर मृताच्या वारसाला वर अपील करता येतं. निकालाची नक्कल मीच अर्ज करून तिला काढून दिली. तिने ती बॅगेत ठेवली. अपील केलं की नाही, मला सांगितलेलं नाही. मी तिला विचारणार नाही.

मी अजून कोर्टात जातो. नवीन मुलं फिर्याद तपासून घ्यायला येतात. त्यांना मी एक गोष्ट सांगतो. स्पेलिंग, पत्ता, वय नंतर बघा, आधी क्रम बघा. काय आधी झालं आणि काय नंतर, याला बोट लावून साक्षीदाराला विचारा. आणि बोट लावणारा साक्षीदाराचा नातेवाईक असेल तर त्याला बाहेर बसवा. मुलं हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करतोय.

यंदाही बंधारा घातला. वासूच्या जागी त्याची बायको पाण्यात उतरली, भाईच्या जागी मी. दगड कुठे लावायचे ते तीच मला सांगत होती.

सोमवारी पाणी आमचं असतं. मंगळवारी वासूच्या बायकोचं. भाईची आकडी मागच्या दाराच्या खुंटीला आहे.